हट्टी

चळ्ळकेरेच्या पुढे, जिथं शेती संपून नुसता माळ सुरू होतो, तिथं मेंढपाळांच्या वस्तीला हट्टी म्हणतात. कन्नडमधला साधा शब्द आहे. दहाबारा झोपड्या, काट्यांचं कुंपण, आत मेंढरं. मराठीतला हट्टी मला लहानपणापासून रोज ऐकवला गेलाय, त्यामुळे सिनेमाला हे नाव देताना माझं मलाच हसू आलं होतं. पुढची सात वर्षं त्या नावानं मला फारसं हसू दिलं नाही.

आमचं घराणं बेंगळुरूत कधी आलं हे घरात कुणालाच नीट सांगता येत नाही, इतकं जुनं आहे. घरात मराठी बोलतो, पण त्यात निम्मं कन्नड. आई अजून फोन ठेवताना "सरी, सरी" म्हणते, म्हणजे बरं, बरं. मी पीण्या या शहरातल्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांसाठी सुरक्षेच्या फिल्म बनवते. प्रेस चालू असताना हात घालू नका, चष्मा लावा, जमिनीवर तेल सांडू देऊ नका. माझं पोट त्यांच्यावर चालतं. कामगार त्या बघताना झोपतात हे मला माहीत आहे, आणि मी त्यांना दोष देत नाही.

अशाच एका कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन त्या हट्टीतला होता. जत्रेला चला म्हणाला, म्हणून गेले आणि तिथं त्याची मोठी बहीण भेटली. सगळे तिला अक्का म्हणत, मीही म्हणू लागले. पन्नाशीची, नवरा गेलेला, आख्खा कळप एकटीनं राखणारी. तिनं जीभ टाळूला लावून एक टर्रर्र असा आवाज काढला आणि शेवटी "बा" म्हटलं, म्हणजे ये. माळभर पांगलेली मेंढरं एकदम वळली. मी फिल्मवाली असूनही कॅमेरा पिशवीतच राहिला. हिच्यावर सिनेमा करायचा हे मी तिथंच ठरवून टाकलं.

परवानगी मागायला गेले तेव्हा तिनं एकच गोष्ट सांगितली. "मागं टीव्हीवाले आले होते. पंचायतीच्या टीव्हीवर आम्ही दिसलो. तोंड माझं हलत होतं आणि बोलत होती दुसरीच बाई. सगळी हट्टी हसली मला. तसलं करणार असशील तर नको."

"नाही अक्का," मी म्हटलं. "तुमचाच आवाज राहील."

"सरी," ती म्हणाली. करार झाला. कागद नाही, सही नाही, तिच्या हातचं ताक तेवढं प्यायले.

दोन उन्हाळे आम्ही तिच्या मागं चाललो. मी, एक कॅमेरावाला आणि एक आवाजवाला. आवाजवाल्याला मी रोज बजावत असे, बाकी काही चुकलं तरी चालेल, तिचं बोलणं नीट घे. तिची भाषा कन्नडच, पण तेलुगूत कालवलेली, आणि काही शब्द तर फक्त त्या माळावरचेच. मला ते ऐकताना आमचं घर आठवायचं. आमच्या मराठीलाही असंच कुणी मराठी म्हणत नाही.

माळावरचं काम सोपं होतं. नाकी नऊ आले ते शहरात. अनुदान मागायला गेले त्या एका सरकारी कचेरीत साहेबांनी थोडं पाहिलं आणि विचारलं, "ही कुठली भाषा? ही काही कन्नड नाही." मग माझं आडनाव वाचून म्हणाले, "तुम्ही मराठी ना? मग मराठीत करा." मी अस्खलित कन्नडमधून भांडले. त्यांनी शांतपणे चहा मागवला, एकट्यासाठी.

मग बेंगळुरूतच, महादेवपुऱ्यात एक निर्माता सापडला. मूळचा पुण्याचा, आयटीतला, सिनेमाचं वेड असलेला. आपला मराठी माणूस म्हणून मला केवढा हुरूप आला होता. तो पहिल्या भेटीत म्हणाला, "टायटल किलर आहे, मॅडम. हट्टी. स्ट्राँग फीमेल लीड. फक्त पिच करताना इंडियन आउटबॅक म्हणा, लोकांना पटकन क्लिक होतं." आणि निघताना म्हणाला, "तुमचं मराठी फार क्यूट आहे हं. सबटायटल लागतील, पण क्यूट आहे." मी हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

सहा महिन्यांनी त्याला कच्चं संकलन दाखवलं. दिवे लागल्यावर त्यानं चष्मा काढून पुसला. मला वाटलं भारावला असेल.

"सगळं ठीक आहे," तो म्हणाला, "पण ती हट्ट कधी करते?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. सहा महिने हा माणूस हट्टी बाईचा सिनेमा समजत होता आणि मी हट्टीतल्या बाईचा. कन्नड मुलखात बसून दोन मराठी माणसांनी एकाच शब्दाचा असा घोळ घातला होता. अर्थ सांगितला तर तो उखडला. एक तर तिनं कशाचा तरी हट्ट धरल्याचा प्रसंग घाला, नाहीतर नाव बदला. माळराणी ठेवा म्हणाला. माळराणी म्हणे. अक्कानं ते ऐकलं असतं तर काठी उगारली असती.

मी नाही म्हटलं. तो गेला, वर्षभरानं परत आला, पुन्हा नावावर अडला, पुन्हा गेला. मी नाव सोडलं नाही. मित्र म्हणाले, नावात काय आहे. आई म्हणाली, "हट्टी कुठली. स्वल्प नमतं घे की गं." मी एकेकाशी भांडले. मला वाटायचं, मी अक्कासाठी भांडतेय.

शेवटी निर्मात्याचा फोन आला तेव्हा मी पीण्यात एका प्रेसशेजारी उभी होते, दुसऱ्या कानावर हात धरून. सिनेमा दाखवायला एक मोठी कंपनी तयार झाली होती. "हत्ती गेलाय मॅडम, शेपूट राहिलंय," तो ओरडून सांगत होता. "त्या बाईंचं बोलणं कुणाला कळत नाहीये. स्वच्छ कन्नडमध्ये डब करू, दोन दिवसांचं काम. आणि हो, नाव तुमचंच. हट्टी. त्यांना चालेल म्हणाले."

सात वर्षं मी ज्याच्यासाठी भांडत होते ते त्यानं वाक्याच्या शेवटी ठेवलं होतं. नाव राहतंय एवढंच मला ऐकू आलं. प्रेसचा आवाज होता, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. मला सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं.

"सरी," मी म्हटलं.

डबिंग यशवंतपूरच्या एका स्टुडिओत झालं. अक्काचा आवाज द्यायला आलेली बाई गुणी होती. गरम पाण्याचा थर्मास घेऊन यायची आणि एकेक वाक्य चार चार वेळा करायची. तिचं कन्नड इतकं शुद्ध होतं की माळावरची धूळ त्याला शिवली नसती. मेंढरांना बोलवायची हाक तेवढी तिला जमेना. जीभ वळेना. शेवटी तिनं नुसतं "बा, बा" म्हटलं आणि स्टुडिओवाल्यानं संगणकातली मेंढरं मागं घातली. मी काचेच्या अलीकडून अंगठा वर केला.

हट्टीत सिनेमा दाखवायचं मी कबूल केलं होतं. टाळता आलं असतं तर टाळलं असतं, पण वॉचमननं तारीखच सांगून टाकली होती. शाळेच्या खोलीत भर दुपारी खिडक्यांना कांबळी टांगून अंधार केला. अक्का पुढं बसली, धुतलेलं लुगडं नेसून. बाहेर भिंतीच्या सावलीला तिची मेंढरं बसली होती.

पडद्यावर ती बोलायला लागली आणि सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मागच्या दोघीतिघी हसल्या. अक्का वळून बघेना. मी दाराशी उभी होते आणि मला तिथून पळून जायचं होतं.

मग तो प्रसंग आला. पडद्यावर माळ, पांगलेला कळप आणि अक्काचं तोंड. स्पीकरमधून गोड आवाज आला, "बा, बा." बाहेर एकाही मेंढरानं मान वर केली नाही.

अक्कानं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग बसल्या जागी, अगदी हळू, तिनं जीभ टाळूला लावली. टर्रर्र, बा. बाहेर खुरांचा एकच गलका उठला. दारात दोन तोंडं दिसली, तिसरं मला ढुसणी देऊन आत घुसलं. आता मात्र कुणी हसलं नाही.

"बघत होते," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "माझा आवाज जागेवर आहे का."

सिनेमा संपल्यावर तिनं मला मुद्दा आणि आमटीसारखं पातळ सारू वाढलं. नाचणीचा तो गोळा मी ताटात नुसता फिरवत राहिले. ती एका शब्दानं रागावली नाही. रागावली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. मीच न राहवून म्हटलं, "अक्का, चुकलं माझं."

तिनं ताटात आणखी सारू ओतलं. "नाव काय ठेवलंस याचं?"

"हट्टी."

"हं," ती म्हणाली आणि काठी घेऊन उठली. "नाव तेवढं बरोबर ठेवलंस."