सरांच्या इंग्रजीत 'ह' नव्हता

कुणाचंही इंग्रजी कळणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो मोखाड्याजवळ पोशेऱ्यात राहायचा. ते आमचे इंग्रजीचे सर. त्यांच्या घरच्या बोलीत 'ह' जवळजवळ नव्हताच, मग इंग्रजीत कुठून येणार? 'हाऊस'चं 'आऊस' व्हायचं, आणि हेडमास्तरांना ते भर प्रार्थनेत 'एडमास्तर' म्हणायचे. "सर, निदान माझा तरी 'ह' ठेवा," असं हेडमास्तर कळवळून सांगत. "ओ, ओ, ठेवतो," असं सर मनापासून म्हणत. आम्ही पोरं तोंडावर वही धरून हसायचो.

नव्वदच्या दशकातल्या एका पावसाळ्यात पाड्यावर लहान पोरं जुलाबांनी मलूल झाली होती. तेव्हा इटलीची एक डॉक्टरीण आली. सोबत दुभाषी म्हणून पुण्यात शिकलेले, फर्ड्या इंग्रजीचे एक साहेब. दीड वर्षाची एक पोर मान टाकून आईच्या मांडीवर पडली होती. डॉक्टरणीने पावडरची पुडी काढली आणि म्हणाली, "फर्स्ट, ईट द वॉटर." साहेबांनी भाषांतर केलं, "आधी थोडं पाणी पाजा." आईने ओढ्याचं गढूळ पाणी वाटीत घेतलं. वाटी पोरीच्या ओठांपर्यंत पोचली, तेवढ्यात गर्दी सारत सर पुढे आले.

"थांब गो बाय! पानी आधी उकळ, मंग पावडर घाल!" मग डॉक्टरणीकडे वळून त्यांनी विचारलं, "मॅडम, ऑट वॉटर?"

"यस! ऑट वॉटर!" डॉक्टरणीने त्यांचे दोन्ही हात धरले. तिच्याही जिभेला 'ह' नव्हता; तिचं 'ईट' म्हणजे 'हीट' होतं, आणि सकाळपासून ते कळणारं तिला पहिल्यांदाच कुणीतरी भेटलं होतं. त्यानंतर दोघं तासभर झोपड्या फिरले. एवढ्या बोलण्यात एकदाही 'ह' आला नाही आणि एकही शब्द वाया गेला नाही. साहेब मागून पुड्यांची पिशवी घेऊन चालत होते. मी तर हसायचंच विसरलो होतो.

पोर वाचली. डॉक्टरणीचं बोलणं कसं कळलं, असं सरांना विचारलं तर म्हणाले, "त्यात काय रं? तिची आईबी आमच्या आईवानीच बोलत असंल."

मी ठाण्यात नोकरीला लागलो. काही वर्षांनी भेटायला गेलो, तर सरांना ऐकू येईनासं झालं होतं. ते माझ्या ओठांकडे एकटक बघत होते. वहीआड हसल्याची माफी, त्या पावसाळ्यात वाटलेला अभिमान, वर्गात कधी सांगितलं नव्हतं ते त्यांच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. त्यांनी हसून मान डोलावली. कळलं का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.