सोसायटीतली तीन बाकडी

मी शहरांचे नकाशे काढते. नव्या वसाहतीत माणसं निरोगी कशी राहतील, यावर मी स्लाइड्सही दाखवल्यात. रुंद फुटपाथ, सावली, शंभर पावलांवर बसायला जागा. एसी हॉलमध्ये तेलकट समोसे खात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

त्याच सुमारास मी ठाण्यातल्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी होते. आवारात तीन बाकडी होती. संध्याकाळी त्यांवर बाहेरची पोरं-पोरी जोडीनं बसतात, यानं कमिटीच्या पोटात दुखायचं. मीटिंग लांबली होती, मला घरी जायचं होतं. 'बाकडी काढून जागा पार्किंगला द्यावी,' हा ठराव मीच लिहिला. सर्वानुमते मंजूर.

पुढच्याच वर्षी बाबांची बायपास झाली. डोंबिवलीहून त्यांना मी माझ्याकडे आणलं. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, दम लागला की लगेच बसा. बाबा खाली गेले आणि पाच मिनिटांत परत वर आले.

"अगं, चालायचं ते चालेन. पण बसू कशावर? शेजाऱ्याच्या बॉनेटवर?"

त्यानंतर ते खाली जाईनात. दिवसभर सोफ्यावर. डॉक्टर माझ्यावर चिडले, आणि मी खरंच घाबरले. एक बाकडं परत ठेवा म्हणून कमिटीपुढे गेले.

"मॅडम, ठराव तर तुमचाच आहे ना? आता तिथे तीन गाड्या लागतात."

त्यातली एक माझी.

मग अचानक बाबा रोज संध्याकाळी तासभर गायब होऊ लागले. परतायचे ते ताजेतवाने होऊन. विचारलं तर म्हणायचे, "पाय मोकळे करायला." एकदा मी गुपचूप मागे गेले. बाबा थेट आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या खोपटच्या एसटी स्टँडवर. छपराखाली एक फेरी मारायची, बाकावर टेकायचं, पुन्हा फेरी. जवळच मुतारी. माझ्या सगळ्या स्लाइड्स तिथे फुकटात हजर होत्या.

एका कंडक्टरनं विचारलं, "आजोबा, कुठली गाडी पकडायचीये?"

"ठरलं नाही अजून," बाबा म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. थोडे सरकले आणि बाकावर हात थोपटला.

"बस. हे अजून तुझ्या मीटिंगमध्ये आलेलं नाही."