बाजारातली खाटेएवढी जागा

मी चष्मे विकतो... गॉगल, जवळचे, सगळे. जे दिसत नाही ते नसतंच, असं मी गिऱ्हाइकांना ऐकवायचो. भुताखेतांच्या गोष्टींवर सगळ्यात मोठ्याने हसणारा मीच.

मी राहतो यवतमाळला. दोन वर्षांपूर्वी दारव्ह्याच्या आठवडी बाजारात पहिल्यांदाच गेलतो. गेल्यागेल्या पोरीसाठी रेवड्या घेतल्या – मी घरी पोचलो की ती पळत येऊन अंगावर उडी मारते आणि खिसे तपासते. मग जागा शोधली. बाजार गच्च, पण मिरचीवाल्या मावशी आणि दोरवाले चाचा यांच्या मधोमध खाटेएवढी जागा चक्क मोकळी. म्हटलं, इथल्या लोकांना अक्कल नाही. ताडपत्री पसरली.

"भाऊ, तिथं कायले बसून राह्यले?" मावशी म्हणाल्या.

"काहून? कोणाची जागा आहे?"

"कोणाचीच नाही. म्हणून तं कोणी बसत नाही."

"बैठने दो," चाचा म्हणाले. "चष्मेवाले हैं, इनको ज्यादा दिखता होगा."

तीन वाजेपर्यंत एक गिऱ्हाईक नाही. गर्दी सरळ माझ्याकडे यायची आणि दोन हातांवर आली की फाटायची – रस्त्यात बसलेल्या म्हशीला वळसा घालावा तशी. गप्पा न थांबवता. मी हाका मारल्या, गॉगल नाचवले. एका बाईने पाहिलं मात्र... आणि नाकाला पदर लावून लेकराला दूर ओढलं. मी अंघोळ करून आलो होतो हो.

मग काठी टेकवत एक आंधळे आजोबा आले, माझ्याच रोखाने. हे तरी धडकतील, शिव्या दिल्या तरी चालेल. काठी ताडपत्रीला लागलीही नाही. दोन हातांवर ते थांबले, माझ्या दिशेने थुंकले आणि वळून गेले.

मी गाशा गुंडाळला. परतीच्या जीपमध्ये माणसं कोंबलेली, माझ्या शेजारची जागा तेवढी रिकामी. मी मूर्ख... पाय पसरून बसलो.

घरी पोचलो. पोरगी पळत आली. दोन हातांवर वळली आणि मला टाळून स्वयंपाकघरात गेली.

"आई, बाबा आले नाही काय अजून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं ठीक होतं. का झालं, कसं सुटलं, मला आजही कळलेलं नाही. तो बाजार मी सोडला. पोरगी अजूनही पळत येते, उडी मारते, खिसे तपासते. फक्त उडीच्या आधी, दोन हातांवर, क्षणभर थांबते.

"काहून थांबली?" मी विचारतो.

"कुठं थांबली?" ती म्हणते.