दोन्ही तुकड्यांची हजेरी

तातडीच्या विभागाच्या इन्चार्जबाईंना माघारी सगळे ‘दुर्बीण’ म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होतं. तीस वर्षांच्या नोकरीत कोणाची साधी पोटदुखीही त्यांनी उलटतपासणीशिवाय खरी मानली नव्हती. रजेसाठी फोन आला की मागे टीव्ही चालू आहे का, हे त्या आधी कान देऊन ऐकत.

साथ आली तेव्हा त्यांनीच सिस्टरांच्या दोन तुकड्या पाडल्या. एकीने आठवडाभर काम करायचं, दुसरीने घरी बसायचं, मग अदलाबदल. एकमेकींचं तोंडही पाहायचं नाही. एक आजारी पडली तर दुसरी विभाग सांभाळेल. दोन्ही पडल्या तर दाराला कुलूप, आणि पुढचं रुग्णालय दोन तासांवर.

महिनाभर सुरळीत चाललं. मग घरी गेलेल्या तुकडीतल्या तिघींना ताप आला आणि चारच दिवसांत कामावरच्या दोघींना.

बाईंचं डोकं सणकलं. कोणीतरी चोरून भेटतंय, नक्कीच! त्यांनी वॉर्डबॉयला फैलावर घेतलं, कपडे धुणाऱ्या मावशींना रडवलं, आणि शेवटी धाकट्या सिस्टरला गाठलं. तिची जिवाभावाची मैत्रीण दुसऱ्या तुकडीत होती.

“गेली होतीस ना तिच्याकडे?”

“नाही हो बाई, शप्पथ. फोनवरच बोलतो आम्ही.”

“फोनवरून ताप चढत नाही कोणाला!”

धाकटी चाचरत म्हणाली, “बाई, रागावू नका. मागच्या आठवड्यात आमच्या तुकडीतलं कोणीच इथे नव्हतं. तुम्ही होतात ना?”

“होतेच. माझ्याशिवाय पान हलतं का इथलं?”

“आणि या आठवड्यातही आहात.”

बाईंची नजर हातातल्या हजेरीवहीकडे गेली. दोन्ही तुकड्यांची हजेरी त्याच घेत. रोज सकाळी प्रत्येकीच्या मास्कची पट्टी स्वतःच्या हाताने ओढून बघत, कारण पोरींवर भरवसा कसा ठेवायचा? घसा मागच्या आठवड्यापासून खवखवत होता. ओरडून बसला असेल, असं त्यांनी मनाला सांगितलं होतं.

दुपारी त्यांची तपासणी झाली. तोच आजार निघाला.

हजेरीवही टेबलावर ठेवून त्या भिंतीपर्यंत मागे सरकल्या. “पुसून घे आधी. तुमच्या तुकडीत सहाजणी उरल्या आहात. आता तूच विभाग सांभाळ.”

“मी? जमेल मला?”

“जमेल.” पाच पोरींना आपणच आजारी पाडलं, या विचाराने त्यांना रडू कोसळलं. डोळे पुसायला हात वर गेला. त्या हाताकडे क्षणभर पाहून त्यांनी तो तसाच खाली घेतला.