डोरीनच्या कुंपणापलीकडचं गवत

मंडळी, आज इथे कॅनडात, कॅल्गरीबाहेर साइटवर गेलो होतो. नवीन घरांसाठी तिथला माळ सपाट करायचाय. ड्रॉइंग माझंच आहे.

शेजारच्या गुरांच्या रँचवरची ऐंशीची डोरीन कुंपणाशी आली. म्हणाली, "हे रफ फेस्क्यू गवत. वर्षानुवर्षं त्याच मुळांतून फुटतं, माती धरून ठेवतं. हिवाळ्यात हरणं यावरच जगतात. एकदा उकरलं की सहसा परत येत नाही. थांबवता येईल?"

मी मॅनेजरला फोन केला. तो म्हणाला, "परमिट आहे, सुरू करा."

बुलडोझरने पहिला पट्टा उकरला तेव्हा डोरीनने माझा हात धरला होता. "तुझी नोकरी आहे, मला कळतं," ती म्हणाली.

आता रिपोर्ट भरतोय. आधी तिथे काय होतं, या रकान्यात सगळे 'रिकामी जमीन' लिहितात. तुम्ही काय लिहिलं असतं?