बोटावरच्या रेघा

गिटारवर बार कॉर्ड धरून सोडला, की पहिल्या बोटावर सहा तारांच्या सहा रेघा उमटतात. उशीची घडी गालावर उमटावी तशा. चहा पिता पिता मी त्या बघत बसते.

गिटार माझ्या मुलीची, मुग्धाची. नोकरीसाठी परदेशी जाताना तिने ती इथंच ठेवली. रिकाम्या घरात तिच्यावरची धूळ पुसता पुसता मी वाजवायलाच लागले. साधे कॉर्ड जमले. बार कॉर्डमध्ये मात्र एक बोट आडवं टाकून सगळ्या तारा एकदम दाबायच्या. एका तारेकडे लक्ष दिलं की दुसरी मुकी होते. मी आणखी जोर लावायचे आणि नुसता ठप्प आवाज यायचा.

"आई, किती आवळतेस," मुग्धा व्हिडिओ कॉलवर बघून म्हणाली. "कोपर सैल सोड. हाताच्या वजनानेच दाबलं जातं."

रस्ता ओलांडताना मी तिचं मनगटही असंच आवळून धरायचे.

आज कोपर सोडलं आणि सहाही तारा वाजल्या. आवाज घरभर झाला आणि हळूहळू विरला. मी लगेच मुग्धाला फोन लावला. ती कामात होती, नंतर करते म्हणाली. मी बोटाकडे बघत राहिले. रेघा फिकट होत गेल्या, संध्याकाळपर्यंत एकही उरली नाही.

तिचा फोन आला, तेव्हा उचलायच्या आधी मी बोट पुन्हा तारांवर टेकवलं आणि होता नव्हता तेवढा जोर लावला.