कुंदाताईंची माकडटोपी

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही कोणाच्या हाती लागलीच तर चुकांकडे बघू नका, कुंदाताईंकडे बघा. त्यांना जाऊन दीड महिना झाला.

शिवाजी पार्कला ज्या घरी मी पोळ्या करते तिथे होते तेव्हा ताईंच्या शेजारणीचा फोन आला. "मंगल, ताई गेल्या गं. सकाळी चहा घेता घेता." परातीत अकरा गोळे उरले होते. घरच्या बाईंना सांगायला तोंड उघडेना, म्हणून अकराही पोळ्या लाटल्या, भाजल्या, डब्यात भरल्या आणि मग सांगितलं. मी लालबागला पोचेपर्यंत ताईंना नेलं होतं.

ताई महानगरपालिकेच्या प्रसूतिगृहात सिस्टर होत्या. निवृत्त झाल्यावर दर शनिवारी दुपारी चाळीतल्या मंडळाच्या खोलीत त्या गरोदर बायकांचा वर्ग घ्यायच्या. कळा कशा येतात, श्वास कसा सोडायचा, आडवं पडून न राहता कसं चालायचं, हे सगळं. फी नाही. मी सतरंजी घालायचे आणि चहा करायचे. मी विणलेली मरून माकडटोपी आणि एक कापडी बाहुली, एवढंच त्यांचं सामान. बाहुलीचं डोकं टोपीत आतून घालून त्या तोंडाच्या भोकातून हळूहळू बाहेर आणायच्या. "बघा, ओढायचं नाही. लोकर आपोआप मोकळी होते, तशीच पिशवी. तिला वेळ द्यायचा." पोरी लाजून हसायच्या. एकदा एकीची सासू कमरेवर हात ठेवून दारातूनच म्हणाली, "आमका कोणी शिकवल्यानी होता? सात झाली, ती पण घराकच!" ताई म्हणाल्या, "म्हणूनच आत या काकी, ती सात कशी झाली ते तुम्हीच सांगा हिला." त्या दिवशी वर्ग काकींनीच घेतला.

शेवटी ताई सगळ्यांकडून एक वाक्य मोठ्याने म्हणून घ्यायच्या. "डॉक्टर, दोघंही बरी आहेत ना? मग अजून थोडं थांबता येईल का?" डॉक्टरांशी त्यांचं भांडण नव्हतं. गरज असेल तर सिझर करायचंच, पण विचारून, असं त्या सांगायच्या. माझ्याकडे बघून म्हणायच्या, "मंगल, नुसते ओठ हलवतेस. आवाज कुठाय तुझा?"

सव्वादोन वर्षांपूर्वी माझी शीतल बाळंतपणाला आली. दादरच्या एका खाजगी दवाखान्यात नाव घातलं होतं. कळा सुरू झाल्या तेव्हा ताई भावाकडे नाशिकला होत्या आणि जावई अजून वाटेत होता. दुपारी डॉक्टर बाहेर आले. "पुढे सरकत नाहीये, मावशी. सही करा." मी कागद हातात घेतला. वाक्य तोंडपाठ होतं... सिस्टर पेन पुढे करून उभी होती, डॉक्टर घड्याळ बघत होते. माझी सही व्हायला वेळ लागतो, त्याचीच मला लाज वाटत होती. मी सही केली. नात झाली, दोघी सुखरूप. सिझरची खरंच गरज होती की नव्हती, ते मला आजही माहीत नाही.

निरोप मिळताच ताई दुसऱ्या दिवशी आल्या. बिल बघितलं आणि वर्गाला स्वतःची खोली घ्यायची म्हणून साठवलेल्या पैशातले पन्नास हजार काढून दिले. "जमतील तसे दे." मग जिन्यात हळूच म्हणाल्या, "विचारलं होतंस ना?" मी मान हलवली. हो म्हणून.

ते तिथेच संपलं असतं तर बरं होतं. पण ताई वर्गात सगळ्यांना सांगायला लागल्या, "आमची मंगल बघा. घरात बोलत नाही, पण डॉक्टरांना विचारलंन तिने." पोरी माझ्याकडे बघायच्या. मी चहा गाळायचे. दर महिन्याला दोन हजार त्यांच्या हातात ठेवताना ठरवायचे, आज सांगते... पुढे पोरी कमी होत गेल्या. दवाखान्यांची पॅकेजं निघाली, सिझरची तारीख घेऊनच बायका जायला लागल्या. शेवटच्या काही शनिवारी कोणीच आलं नाही. तरी ताई म्हणायच्या, "सतरंजी घाल गं." आम्ही दोघी समोरासमोर बसायचो. खोलीत तिसरं कोणी नव्हतं, तरी मी बोलले नाही.

परवा ताईंची खोली रिकामी करायला त्यांचे भाऊ आले होते. राहिलेले दोन हजार घेऊन मी गेले. "कसले पैसे?" त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी भिंतीकडे बघत म्हणाले, "मुलीच्या सिझरचे, ताईंनी दिलेले. आणि मी डॉक्टरांना काही विचारलं नव्हतं. विचारलं असं ताईंना सांगितलं, ते खोटं होतं." आवाज एवढा मोठा आला की सामान बांधणारा माणूस थांबला. भाऊ गोंधळले. "असू दे हो मावशी," म्हणाले. मग भंगाराच्या ढिगातून टोपी काढून विचारलं, "ही तुमची का?"

तिचं तोंड सैल पडलं आहे. आतली बाहुली सापडली नाही.

भावांनी नोटा मोजून खिशात ठेवल्या. पैसे पूर्ण फिटले.